संगणकातली फाइल कोणी उघडायची?



माजलगाव-गेवराईपासून केज-अंबाजोगाईपर्यंत आपल्या बऱ्याच सभासदांच्या घरी मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने संगणक आलेला आहे. सातबारा, आठ-अ, पीक विम्याची पावती, बँकेचा उतारा हे कागद आता फाइलीच्या रूपाने घरी येतात. अशा वेळी एक तक्रार हमखास ऐकू येते : "कागद आलाय, पण मशिनीत उघडतच नाही." दुसरी अशी, की "काल नीट उघडत होता, आज भलतीकडंच उघडतोय." पुष्कळदा यात कागदही खराब नसतो आणि संगणकही बिघडलेला नसतो. कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमकडे द्यायची, ही नोंद तेवढी चुकलेली असते. ती दुरुस्त करणे दोन मिनिटांचे काम आहे.

फाइलीचे आडनाव

प्रत्येक फाइलीच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि त्यापुढे बहुधा तीन-चार अक्षरे असतात. कागदपत्रांना पीडीएफ, फोटोला जेपीजी, याद्यांना सीएसव्ही किंवा एक्सएलएसएक्स. याला फाइलीचे आडनाव समजावे. अमुक गावचा ऊस अमुक गट कार्यालयाकडे, असे जसे शेतकी खात्याच्या वहीत ठरलेले असते, तशीच एक वही संगणकातही असते. अमुक आडनावाची फाइल आली की ती अमुक प्रोग्रॅमकडे द्यावी, असे तीत लिहिलेले असते. आपण फाइलीवर दोनदा टिचकी मारतो तेव्हा संगणक ही वही पाहतो. नवा प्रोग्रॅम बसवताना "यापुढे या फाइली मीच उघडू का?" असे विचारले जाते. घाईत 'हो' म्हटले, की वहीतली नोंद बदलते.

काही जण फाइलीचे आडनावच बदलून पाहतात. त्याने काही साधत नाही. फुले २६५ च्या फडावर को ८६०३२ ची पाटी लावली म्हणून ऊस बदलतो का? फाइलीचेही तसेच आहे.

नोंद कशी बदलावी?

विंडोज ११ असलेल्या संगणकावर फाइलीवर माऊसचे उजवे बटण दाबावे. 'ओपन विथ' आणि त्यात 'चूज अनदर अ‍ॅप' निवडावे. प्रोग्रॅमची यादी येईल. हवा तो निवडल्यावर खाली दोन बटणे दिसतात. 'जस्ट वन्स' म्हणजे एवढ्या वेळेपुरते, आणि 'ऑलवेज' म्हणजे यापुढे कायम. खात्री नसेल तर आधी 'जस्ट वन्स' दाबून पाहावे. सगळ्या नोंदी एकत्र पाहायच्या असतील, तर 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅप्स' आणि तेथे 'डिफॉल्ट अ‍ॅप्स' उघडावे.

सातबाऱ्यावरची सही

आता कुणी म्हणेल, कशातही उघडेना का, कागद दिसला की झालं! पण तसे नाही. आपल्या राज्यात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. तो पीडीएफ फाइल असतो. विंडोजमध्ये पीडीएफ बहुधा ब्राउझरमध्ये उघडते. तेथे मजकूर दिसतो, पण सही तपासली जाईलच असे नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडर हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि तो सही तपासून निकाल सांगतो. म्हणून पीडीएफची नोंद त्याच्या नावे करणे सोयीचे. सहीवर प्रश्नचिन्ह दिसले तर घाबरू नये. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची ओळख आपल्या संगणकाला पटलेली नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी उताऱ्यावरच्या पडताळणी क्रमांकाने महाभूमीच्या संकेतस्थळावर खात्री करावी. व्यवहार जमिनीचा असेल तर एवढे कष्ट घेतलेच पाहिजेत.

खाते क्रमांकाची यादी

याहून मोठा धोका सीएसव्ही फाइलीत आहे. सोसायटीचे किंवा पाणीवापर संस्थेचे काम पाहणाऱ्या सभासदांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविराम घालून लिहिलेली साधी यादी. ती सहसा एक्सेलमध्ये उघडते, आणि एक्सेल बँकेच्या खाते क्रमांकाला हिशेबाचा आकडा समजते. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळून पडतात. आकडा १५ अंकांपेक्षा लांब असेल, तर पुढच्या अंकांच्या जागी शून्ये बसतात. त्यातच 'सेव्ह' दाबले, की मूळ अंक त्या फाइलीतून कायमचे गेले.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे. पण यादीतला खाते क्रमांकच चुकला, तर पैसे जायचे कुठे? म्हणून सीएसव्हीची नोंद 'नोटपॅड'च्या नावे करावी. त्यात यादी दिसायला ओबडधोबड दिसेल, पण एकही अंक हलणार नाही. तक्ता हवाच असेल, तर आधी एक्सेल उघडून 'डेटा' भागातून यादी आत घ्यावी आणि खाते क्रमांकाच्या रकान्याला 'टेक्स्ट' असा प्रकार द्यावा. एक्सेलच्या काही नव्या आवृत्त्या आधी विचारतात. तेथे 'डोंट कन्व्हर्ट' म्हणावे.

एक सावधगिरी

विंडोज आडनावे मुळातच झाकून ठेवते. त्यामुळे 'पावती डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'पावती डॉट पीडीएफ' अशी दिसते. ईएक्सई हा कागद नव्हे, तो चालणारा प्रोग्रॅम असतो, आणि अनोळखी माणसाने धाडलेला असेल तर घातकी ठरू शकतो. फाइलींच्या खिडकीत 'व्ह्यू', मग 'शो' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' निवडले, की आडनावे दिसू लागतात. हे प्रत्येकाने करून ठेवावे.

तरी सभासदांनी घरातल्या शिकल्या-सवरल्या मुला-मुलींना, सुनांना जवळ बसवून या नोंदी एकदा तपासून घ्याव्यात. काट्यावर गाडी लागली की आपण आकडा स्वतः पाहतो. आपल्या कागदांच्या बाबतीतही तीच सवय ठेवावी.