मधपेटी किती दिवसांनी उघडावी?

जोडधंदा म्हणून मधमाशीपालनाकडे वळणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पेटी रोज उघडून पाहावी काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे, नाही. फुलोऱ्याच्या हंगामात आठवड्यातून एकदा, एरवी पंधरा दिवसांनी, आणि भर पावसात निकड असल्याखेरीज मुळीच नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी. तागा वारंवार उलगडला की घडी बिघडते आणि भाव उतरतो. मधपेटीची घडी तर जिवंत असते. पिल्लांच्या पोळ्यांत माश्या सुमारे ३५ अंश उष्णता राखतात. झाकण काढले की ती ऊब जाते व ती परत आणण्यात माश्यांची मेहनत आणि मध खर्च होतो. त्यातच आपल्याकडील सातेरी माशी बुजरी. सतत त्रास झाला तर सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते आणि घातलेले भांडवल रिकाम्या लाकडात अडकून पडते.

मग हंगामात आठवडाच का? राणीघरातील अळीवर सुमारे आठव्या दिवशी झाकण बसते. त्याच सुमारास जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन उडून जाते. आठवड्याने पाहणाऱ्यास राणीघरे वेळीच दिसतात व एका वसाहतीच्या दोन करता येतात. जास्त थांबणाऱ्याच्या हाती अर्धी पेटी उरते.

तपासणीसाठी उन्हाची, वारा नसलेली वेळ निवडावी. तोंडावर जाळी बांधावी, धूर बेताचा द्यावा व दहा-पंधरा मिनिटांत काम आटोपावे. राणी शोधत बसू नये. अंडे तीन दिवसच अंडे राहते, म्हणून अंडी दिसली की राणी गेल्या तीन दिवसांत तेथे होती असे समजावे. अंडी, मध व परागाचा साठा, राणीघरे, मेलेल्या अळ्या आणि मेणकिडा या पाच बाबी तारीख घालून वहीत लिहाव्यात.

दारावरची नजर मात्र रोज ठेवावी, तिला खर्च नाही. माश्या पायांवर पराग आणत असतील तर आत पिल्ले वाढत आहेत असे बहुधा समजावे. पावसाळ्यात पेटी मागून किंचित उचलून वजन अजमावावे. हलकी लागल्यास संध्याकाळी साखरेचा पाक द्यावा.

चिखलीच्या तरुणांना हे हुन्नर शिकण्यासाठी लांब जावे लागत नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तेही सातेरी माश्या जपूनच. आधी प्रशिक्षण घ्यावे, मग दोन पेट्यांनी सुरुवात करावी. दोन असल्या म्हणजे एकीशी ताडून दुसरीचे दुखणे ओळखता येते. या धंद्यात सबुरी हेच मोठे भांडवल आहे.