तांदळाच्या गोदामात टोमॅटोची फोड

उरल्यात फरशी रोज सकाळी नव्याने काळी होते. रायपूरच्या उत्तरेला उरला, भनपुरी, सिलतरा असा कारखान्यांचा पट्टा आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची आणि रोलिंग मिलांची काजळी पत्र्याच्या फटींतून थेट गोदामात उतरते. शेजारच्या बिरगावातल्या बायका वाळत घातलेल्या कपड्यांवरून या काजळीला शिव्या घालतात. आमच्या गोदामातले कका मात्र तिच्यावर खूश असतात. हे हमालांचे मुकादम. छत्तीसगडीत काकाला कका म्हणतात, आणि इथे वडीलधारा माणूस सगळ्यांचाच कका असतो. उंदीर पकडण्याचं काम त्यांना कोणी नेमून दिलेलं नाही, पण ते दुसऱ्या कोणाला जमतही नाही.

सकाळी दार उघडलं की ते आत धावत नाहीत. उंबऱ्याशीच उकिडवे बसतात आणि उजेड तिरपा पडेल असा टॉर्च धरतात. इतर ठिकाणी उंदराचा माग काढायला चुन्याची किंवा पिठाची भुकटी पसरावी लागते, इथे ते काम काजळी फुकट करते. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच आणि मधून शेपटीची रेघ. ही रेघ गोदामाच्या मधून क्वचितच जाते. उंदराला भिंतीचा आधार लागतो, मिशा आणि अंग भिंतीला घासत तो चालतो. रोज त्याच वाटेने गेल्यामुळे भिंतीच्या बुडाशी तेलकट काळपट पट्टा उठतो. कका त्या पट्ट्यावर बोट फिरवतात. बोटाला ओशट लागलं की वाट चालू आहे, पट्टा कोरडा आणि वर धूळ बसलेली असली की सोडलेली.

वाट सापडली तरी सापळा लगेच लावायचा नाही. गोदामातला उंदीर नव्या वस्तूला भितो. काल नसलेला पिंजरा आज दिसला तर तो दिवसचे दिवस लांबूनच जातो. घरातली छोटी उंदरी उलट चौकस असते, नवीन दिसेल त्यात तोंड घालते, म्हणून घरच्या पिंजऱ्याचा अनुभव इथे कामाला येत नाही. कका चाप नुसताच ठेवतात, खटका न चढवता, वर आमिष लावून. आमिष खाल्लं गेलं की दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच. चार-पाच रात्री असा पाहुणचार झाला की मग खटका. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. भिंतीला समांतर लावला तर उंदीर चापाच्या मागून चढतो आणि नुसता दांडा वाजतो. जिथे वर्दळ जास्त तिथे दोन चाप शेजारी शेजारी लावतात, एकावरून उडी मारणारा दुसऱ्यावर पडतो.

आता वासाचं. नवखा माणूस चापाला भाकरीचा तुकडा लावतो आणि सकाळी तो तसाच बघून चक्रावतो. ज्या प्राण्याच्या डोक्यावर छपरापर्यंत तांदळाच्या थप्प्या आहेत, त्याला धान्याच्या वासाचं काय कौतुक? गोदामात खाणं अमाप असतं, पाणी नसतं. म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडे चापाला टोमॅटोची फोड लागते, काकडीचा शेंडा लागतो, ओल्या खोबऱ्याचा तुकडा लागतो. पावसाळ्यात डबकी भरली की ही जादू संपते. मग तेलकट वासावर यायचं: भज्याचा चुरा किंवा सुकी मासळी. मासळी उग्र असते, पण मांजर आधी येतं आणि चाप त्याच्या पंजाला लागतो, म्हणून ती फक्त तोंड अरुंद असलेल्या पिंजऱ्यात.

सगळ्यात खात्रीचा वास मात्र उंदराचाच. ज्या पिंजऱ्यात एकदा उंदीर अडकला तो कका फिनेलने धूत नाहीत, साबणाने तर नाहीच. नुसती घाण खरवडतात आणि पुन्हा वाटेवर ठेवतात. मालकाला हा गलिच्छपणा वाटतो. पण कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ यांनी उंदीर एकमेकांच्या वासावर कसा भरवसा ठेवतात यावर बरीच वर्षं काम केलं. उंदीर दुसऱ्या उंदराचं तोंड हुंगतो आणि त्याने जे खाल्लं असेल ते स्वतः निर्धास्त खातो, असं त्यांना दिसलं. नुसता पदार्थाचा वास पुरत नाही, सोबत जिवंत उंदराचा श्वास लागतो. त्या श्वासातला कार्बन डायसल्फाइड हे काम करतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दाखवलं. ककांनी ते वाचलेलं नाही, मालकाने वाचायला हवं होतं.

अमेरिकेत कायोटी नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी पकडणाऱ्यांचं शास्त्रही खाण्याचा वास आणि जातभाईचा वास या दोनच गोष्टींवर चालतं. एक तर खड्डा करून तळाशी कुजकं आमिष ठेवायचं, म्हणजे कुणी तरी खाणं पुरून ठेवल्यासारखं वाटतं. नाही तर खुंटावर कायोटीचंच मूत्र शिंपडायचं, म्हणजे परका आपल्या हद्दीत शिरल्याचा राग येतो. भूक आणि भाऊबंदकी. फरक एवढाच, की ते लोक माणसाचा वास लागू नये म्हणून सापळे उकळतात आणि रबरी बूट घालतात. आमच्या उंदरांचा जन्मच हमालांच्या घामात झालेला, त्यांना माणसाच्या वासाचं काही नाही. कका हातमोजे घालतात ते लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने. शिवाय आपल्याकडे कोल्ह्याला सापळा लावणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, उंदराला ते संरक्षण नाही.

वासावर किती भिस्त ठेवावी याची आपल्याकडची मोठी गोष्ट यवतमाळची. पांढरकवड्याच्या टी-1, म्हणजे अवनी वाघिणीला हुडकताना 2018 मध्ये वनविभागाने कॅल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन फॉर मेन’ हे अत्तरही हाताशी घेतलं होतं. त्याचं कारण हास्यास्पद नाही. त्यात जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा गंध असतो आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात मोठी मांजरं त्यावर रेंगाळल्याचं आढळलं होतं. पण रेंगाळणं वेगळं आणि दूरवर पसरलेल्या झुडुपांतून नेमक्या जागी येणं वेगळं. शेवटी 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीने मेली. कका ही गोष्ट ऐकून एवढंच म्हणाले, “वाट सापडली नव्हती त्यांना.”

गोंदाच्या पट्ट्यांबद्दल मात्र माझं आणि त्यांचं एकमत आहे, त्या गोदामात नकोत. चिकटलेला उंदीर रात्रभर ओरडत, स्वतःची कातडी सोलत मरतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही त्यांना विरोध केला आहे. शिवाय उरल्याच्या काजळीत ती पट्टी लवकरच धूळ धरून निकामी होते. विषाचीही तीच गत. झिंक फॉस्फाइड खाऊन जो अर्धवट आजारी पडून वाचला, तो त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही.

घुशीला या कशाचीच मात्रा लागू पडत नाही. ती थप्पीखालून फरशी पोखरते, धान्य बिळात साठवते आणि बिळाचं तोंड आतून मातीने बुजवते. जे. जे. स्पिलेट यांनी साठच्या दशकात कलकत्त्याच्या धान्यगोदामांतल्या याच जातीवर सविस्तर अभ्यास केला होता. तिच्यासाठी कका वास वापरतच नाहीत. बुजवलेली माती काठीने उकरायची, आणि सकाळी तोंड पुन्हा बुजलेलं दिसलं की ते बीळ चालू. त्या तोंडालाच पिंजरा अडकवून बाजूला विटा रचायच्या. आमिष नाही, लपवाछपवी नाही. तिला तोंड बुजवल्याशिवाय राहवत नाही आणि त्यासाठी ती पिंजऱ्यातूनच येते.

हे सगळं करून गोदाम आठवडाभर शांत होतं, तोवर धान संग्रहण केंद्रातून नवा ट्रक लागतो. बारदानात नवे उंदीर असतात, त्यांना इथल्या वाटा माहीत नसतात आणि सगळंच नवीन असल्यामुळे पिंजऱ्याची वेगळी भीतीही नसते. म्हणून ट्रकच्या रात्री कका चाप लावतच नाहीत. दाराच्या दोन्ही बाजूंना, भिंतीला लागून, न धुतलेले पिंजरे मांडतात.