भात खळ्यावर, टाळ हातात



हळवे भात केव्हाच घरात आले. निमगरवे बहुतेकांचे झोडून झाले असेल. गरवे कोणाचे अजून उभे असेल, तर कोणाचे कापून आडवे पडले असेल. कोणी जमिनीतली ओल उडून जाण्यापूर्वी वाल टाकायच्या घाईत आहे, तर राजनाल्याच्या कालव्यावरचे शेतकरी उन्हाळी भाताच्या बियाण्याची चौकशी करू लागले आहेत. अशा धांदलीत आज मी खोडकिडा आणि खतांचे हप्ते बाजूला ठेवून, येत्या आठवड्यात कर्जत-खालापूर भागात काय काय ऐकायला मिळणार आहे, ते सांगणार आहे. साहेबांना आज झाले तरी काय, असे म्हणू नका. शेवटपर्यंत वाचलेत तर त्यातही भातच निघेल.

येता आठवडा म्हणजे कार्तिकी एकादशी ते त्रिपुरी पौर्णिमा. कोजागरीला सुरू झालेला काकडा या पौर्णिमेला संपतो. मधल्या दिवसांत घरोघर तुळशीची लग्ने लागतात. साजगावच्या विठोबाची जत्राही याच महिन्यातली. शिवाय आळंदीला निघालेल्या कोकणातल्या दिंड्या चौक, खोपोली करीत बोरघाट चढू लागतात, त्याही आता दिसू लागतील. गाणे ऐकायला पुण्या-मुंबईला जायला नको. पहाटे उठून आपल्याच गावच्या देवळापर्यंत चालत गेले तरी पुरे.

हे सगळे कार्तिकातच का, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या वर्षांत पडला होता. देवाधर्माची कारणे आहेतच. ती सांगणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक गावोगाव आहेत. मी शेतीचा माणूस, मला दिसले ते एवढेच की तोवर पाऊस गेलेला असतो, कणगीत दाणा पडू लागलेला असतो आणि हवा कोरडी झालेली असते. हवेची ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. पखवाज, ढोलकी, मृदंग ही सगळी कातड्याची वाद्ये. आषाढ-श्रावणात आपल्याकडच्या दमट हवेत कातडे ओल धरते, सैल पडते आणि आवाज बसतो. वादक बिचारा ठोकून ठोकून थकतो. कार्तिकात तोच पखवाज खणखणीत बोलतो. भाताचा दाणा दाताखाली कट्ट वाजला म्हणजे तो साठवणीला झाला, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या. आम्ही तेच १२ ते १४ टक्के ओलावा अशा भाषेत सांगतो. दाणा आणि कातडे दोघेही एकाच हवेत वाळतात.

यावरून एक गोष्ट सांगतो. ती सांगताना अजूनही थोडे ओशाळल्यासारखे होते.

२०१९ सालची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली होती. पाऊस काही जायचे नाव घेत नव्हता. मध्येच ऊन पडले, आकाश निवळल्यासारखे दिसले. कर्जत तालुक्यातल्या एका गावी मी गेलो होतो. हळवे भात तयार होऊन शेतात झुकले होते, काही ठिकाणी लोळले होते. मी सांगितले, "आता थांबू नका, कापून घ्या. दोन दिवस शेतातच वाळू द्या आणि मग भारे बांधा." पुस्तकात असेच आहे आणि एरवी ते बरोबरच आहे. त्या गावच्या काकड्याला पखवाज वाजवणारे एक आबा होते. ते म्हणाले, "सायेब, पानं अजून उतरलेलं हाय. पहाटे सूर लागत नाय. हवेत पाणी हाय, मी काय आडवं पाडायचा नाय." पान म्हणजे पखवाजाच्या तोंडावरचे कातडे. मी हसलो आणि पुढच्या बांधावर गेलो. माझ्या शब्दाखातर पाच-सहा घरांनी भात कापले.

त्यानंतर अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठले. ते आपल्या किनाऱ्यावर आले नाही, पश्चिमेकडे निघून गेले; पण जाताना साऱ्या कोकणाला झोडपून गेले. कापलेल्या भाताला पाण्यातच कोंब फुटले, पेंढा काळा पडला. उभे भातही वाचले असे नाही, पण उभ्यात निम्मेशिम्मे तरी हाती लागले. पंचनाम्यासाठी पुन्हा त्याच बांधांवर जाण्याची पाळी माझ्यावरच आली. एका घरची कारभारीण कोंब फुटलेली लोंबी हातात धरून उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या रात्री उशीर झाला म्हणून गावातच राहिलो. पहाटे टाळांच्या आवाजाने जाग आली. शेतात दाणे कुजत असताना माणसे देवळात येतील असे मला वाटले नव्हते, पण आली होती. त्या पाच-सहा घरांतलीही होती. मी मागे खांबाला टेकून बसलो. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि शेजारच्या पोराकडून टाळांची एक जोडी माझ्याकडे सरकवली. मला ताल धरता येत नाही. तरी वाजवले.

पखवाजाचे पान पाहून हवामानाचा अंदाज बांधा, असा सल्ला मी देत नाही. हवामान खात्याचा इशारा ऐकायचा तो ऐकायचाच. पण चाळीस वर्षे रोज पहाटे ज्याचा हात त्या कातड्यावर पडला, त्याला हवेतली ओल माझ्याआधी कळली, हे खरे. तेव्हापासून भात आडवे पाडायला सांगण्यापूर्वी मी दोनदा विचार करतो आणि गावात पखवाज वाजवणारे कोणी असेल तर त्यालाही विचारतो.

आता काकड्याविषयी. काकडा म्हणजे पिळलेल्या वातीची ज्योत, तिने पहाटे देवाला ओवाळायचे. त्याआधी भूपाळ्या, अभंग, गवळणी, मग आरती. प्रत्येक गावचा क्रम थोडा वेगळा आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. ध्वनिक्षेपक नसला तरी काही बिघडत नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ तो लावायचाही नसतो. गळा, टाळ, पखवाज आणि पेटी एवढ्यावर सगळे चालते. ज्यांना रात्रभर कर्णे लावून गाणी वाजवायची हौस आहे, त्यांनी एकदा पहाटे येऊन हे ऐकावे. पंधरा माणसांचा आवाज नदीपलीकडच्या वाडीपर्यंत कसा जातो ते समजेल.

अडचण आहे ती वेगळीच. गाणारे मिळतात, टाळकरी मिळतात, पण पखवाजवाला मिळत नाही. तरुण मुलगा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर असतो, नाहीतर पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्याकडे निघालेला असतो. नोकरी करू नको असे कोणत्या तोंडाने सांगणार? दोन एकर भातात घर चालत नाही, हे आम्हालाच जास्त ठाऊक. मग मार्ग काय निघाला आहे तो पाहा. माझ्या माहितीतल्या तीन गावांत मिळून आता एकच पखवाजवाला आहे. पहिल्या गावचा काकडा चारला, दुसऱ्याचा पाचला आणि तिसऱ्याचा सहाला. हा गडी थंडीत मोटारसायकलवर पखवाज पाठीला बांधून तिन्ही गावे करतो आणि मग कामावर जातो. आबा थकले, त्यांचा हात आता चालत नाही. त्यांचे गाव तिसरे. तिथे आरती होते तेव्हा उजाडलेले असते आणि ज्योत नीट दिसतही नाही.

यात एक चांगले चिन्ह दिसते ते बायकांच्या भजनी मंडळांचे. पूर्वी बायकांचे गाणे जात्यावर आणि लग्नघरात. आता गावोगाव त्यांची मंडळे आहेत, एका रंगाची लुगडी-साड्या नेसून हरिपाठाला उभ्या राहतात. ताल चुकला की पुरुषमंडळी कोपऱ्यातून हसतात. त्यांना मी विचारतो, तुमचा पहिल्या वर्षी चुकत नव्हता काय? आबांची नात पेटी शिकली आहे. पखवाजाला हात लावू का, असे तिने विचारले, तेव्हा घरात बराच वाद झाला म्हणे. पुढे काय झाले ते मला कळलेले नाही. पौर्णिमेला कळेल.

साजगावच्या जत्रेबद्दल नव्याने काय सांगणार? खोपोलीला गाडीतून उतरले की गर्दीच्या मागे चालत गेले तरी माणूस ताकईला विठोबाच्या पायाशी पोहोचतो. तुकोबाराय मिरच्या विकायला घाट उतरून इकडे येत, अशी इथली जुनी आख्यायिका आहे. धाकटी पंढरी म्हणतात ती हीच. आणि सुक्या मासळीच्या बाजारावरून देवाला बोंबल्या विठोबा म्हणणारेही आपणच. एकादशीच्या देवाच्या दारात बोंबलांच्या राशी, याचे घाटावरच्या पाहुण्यांना फार आश्चर्य वाटते. आपल्याला वाटत नाही. ज्याच्या गळ्यात माळ आहे तो दर्शन घेऊन भजनाला बसतो; ज्याच्या गळ्यात नाही तो दर्शन घेऊन वर्षाचे बोंबील पिशवीत भरतो. दोघे परतताना एकाच टेम्पोत बसतात. जत्रा बरेच दिवस चालते, तेव्हा पहिल्याच दिवशी धावण्याची गरज नाही. शेतात भात कापून पडले असेल तर भारे बांधून उडवी रचा आणि मग निघा. अलीकडे नोव्हेंबरचा भरवसा राहिलेला नाही. भजन ऐकायचे तर दुपारच्या गर्दीत जाऊ नका, पाळण्यांचा आणि पिपाण्यांचा गलबला असतो. सकाळी लवकर जा.

दिंड्यांचे मात्र वेळापत्रक पायांच्या हातात. महामार्गावर गाड्या वेगाने धावत असतात आणि कडेने टाळ वाजत असतात. रस्त्याजवळ घर असेल तर पाण्याचा हंडा भरून ठेवा, सावलीला दोन घोंगड्या टाका. दिंडी टेकली की अभंग होतोच. तो तुमच्या अंगणात होतो. मुलांना तेवढा वेळ शाळेच्या अभ्यासातून उठवायला हरकत नाही.

डोंगराकडेच्या ठाकरवाड्यांचे गाणे यापेक्षा निराळे. तिथे तिथी-वार नाही, छापील पत्रिका नाही. भात झोडून झाले, हातात चार दिवस मोकळे मिळाले, की ढोल निघतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरला जातो. आमंत्रणाशिवाय घुसू नये, ओळखीच्या माणसाबरोबर जावे. भ्रमणध्वनीवर चित्रे काढण्यापूर्वी विचारावे. ते त्यांचे घर आहे, सर्कस नव्हे. कोंदिवड्याच्या वरची कोंडाण्याची लेणी पाहिली असतील तर दर्शनी भिंतीवर कोरलेल्या नाचणाऱ्या जोड्या आठवा. त्यांना दोन हजार वर्षे झाली. तिथे एक लेखही आहे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा. कोरणाऱ्याचे नाव राहिले, नाचणाऱ्यांचे राहिले नाही. पण पावलांची ठेवण पाहून वाटते की त्याने ही जोडी जवळच कुठल्यातरी खळ्यावर पाहिली असावी.

आता माझा स्वार्थ सांगतो. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कशी करावी, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून तरंगणारा पोकळ दाणा कसा काढून टाकावा, हे समजावण्यासाठी मी पूर्वी ग्रामपंचायतीत सभा बोलवायचो. चार माणसे यायची, त्यांतला एक शिपाई. पुढे एका भजनी मंडळाने हरिपाठ आणि भजन यांच्या मधली दहा मिनिटे मला दिली. सत्तर माणसे समोर बसलेली, बायका पुढे. बादली, मीठ आणि मूठभर बियाणे एवढेच माझे साहित्य. त्या वर्षी त्या गावात मीठ कमी पडले असे दुकानदार थट्टेने सांगत होता. १९१९ पासून कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, कर्जत-३ सारखा सुमारे ११५ दिवसांत येणारा वाण तिथून बाहेर पडला. पण ते ज्ञान बांधापर्यंत नेण्याच्या वाटेत मला सर्वांत उपयोगी पडले ते देऊळ आणि सतरंजी. ती दहा मिनिटे मी आजही मागून घेतो.

देवळात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात. या आठवड्यात नारळाबरोबर मूठभर गव्हाची कणीक न्या. पखवाजाच्या डाव्या तोंडाला तिचा ओला थर दर वेळी नव्याने लावावा लागतो, त्याशिवाय घुमारा येत नाही. तांदळाचे पीठ चालत नाही, ते कातड्याला धरून राहत नाही. गव्हात जे चिवट प्रथिन असते ते तांदळात नाही. भाताच्या मुलुखात पखवाज गव्हावर बोलतो, ही गंमत मी आबांना एकदा सांगितली. ते म्हणाले, "ते तुमचं शास्त्र. आमच्यात कणीक पहिल्यापासून ज्याच्या घरी काकड्याची पाळी, त्याच्या घरची."

पौर्णिमेला समाप्तीच्या काल्याला मी त्यांच्याच गावी जाणार आहे. उन्हाळी भाताच्या बियाण्याबद्दल कोणाला काही विचारायचे असेल, त्यांनी तिथे यावे. मात्र काला वाटून झाल्यावर विचारावे.