फरशीखालची ओल : क्रॉल स्पेस, पेव आणि तेरच्या भिंती

(ऑडिओ भागाचा हा लिखित मजकूर. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तसा कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो, कारण तो अक्षरशः पायाखाली असतो. झालं असं, की माझ्या एका कॉलेजमित्रानं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात घर घेतलं. घराच्या तपासणी अहवालात लिहून आलं : ‘क्रॉल स्पेसमध्ये ओल, लाकडी तुळयांवर बुरशी.’ त्यानं मला विचारलं, ‘तू सिव्हिलवाल्यांबरोबर राहिलायस, हे काय असतं रे?’ मी कॉम्प्युटरवाला, पण हॉस्टेलवर रूममेट सिव्हिलचे, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतात. आणि नेमकं त्याच महिन्यात तेरला आमच्या घरी हाच प्रश्न मराठीतून उभा होता. आजीच्या खोलीच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, पोपडे सुटलेले, आणि सोप्यातल्या फरशीखाली जुनं पेव. एका कंत्राटदारानं उपाय सांगितला होता : सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आणि भिंतीला चार फूट सिमेंटचा गिलावा. काकांचा होकार जवळजवळ झालेलाच. म्हणून म्हटलं, दोन्ही घरांचं एकदाच नीट समजून घेऊ.

आधी क्रॉल स्पेस म्हणजे काय ते. अमेरिकेत बरीच घरं जमिनीवर टेकवलेली नसतात. चारी बाजूंनी बुटकी भिंत, वर लाकडी तुळया, त्यावर घर. मध्ये दोन-तीन फुटांची पोकळी, माणूस रांगत जाईल एवढी. खाली उघडी माती. आपल्याकडे असलं काही नसतं. आपण जोत्यात मुरूम भरतो आणि त्यावर फरशी घालतो. पण मराठवाड्यातल्या जुन्या घरांत पेव असतं, बळद असतं. म्हणजे फरशीखाली किंवा भिंतीआड अंधारी, बंद, मातीला लागून असलेली जागा. आणि माती जिथे आहे तिथे ओल आहे. उन्हाळ्यात वरची चार बोटं कोरडी ठणठणीत दिसते, पण हातभर खाली मातीच्या कणांमधली हवा जवळपास पूर्ण दमट असते. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, म्हणून ‘आमच्याकडे कसली ओल’ असं लोक म्हणतात. ओलीला पाऊस रोज लागत नाही.

ही ओल वर येते दोन वाटांनी. पहिली, वाफ होऊन. दुसरी, पाण्याच्याच रूपात, केशाकर्षणानं. शाळेत काचेची बारीक नळी पाण्यात धरून दाखवायचे, आठवतंय? नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं. हिशोब सोपा आहे : साधारण १५ भागिले नळीची त्रिज्या, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एक मिलिमीटर त्रिज्या असेल तर पाणी दीड सेंटिमीटर चढेल. त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल तर दीड मीटर. वीट, माती, सिमेंट यांतली छिद्रं याच मापाची असतात. चढता चढता पाणी बाजूनं सुकतही जातं, म्हणून प्रत्यक्षात ओल बहुतेक वेळा कमरेच्या आसपास थांबते. भिंतीवरची ती आडवी, वाकडीतिकडी रेघ म्हणजे चढणं आणि सुकणं यांची तडजोड असते. हे नीट लक्षात ठेवा, कारण कंत्राटदाराचा सगळा घोळ तिथेच आहे.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव, तेव्हा मडक्याचं उदाहरण दिल्याशिवाय कसं चालेल! माठातलं पाणी गार होतं ते याच बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपून सुकतं म्हणून. पक्कं भाजलेलं मडकं पाणी पितं, पण विरघळत नाही. कच्चं मडकं पाणी पितं आणि चिखल होतं. भिंतीचंही तेच. तेरचं त्रिविक्रम मंदिर आणि उत्तरेश्वर मंदिर भाजलेल्या विटांची. शेकडो पावसाळे खाऊन उभी आहेत. आमच्यासारख्या घरांच्या भिंती मात्र दगड आणि मातीच्या, वर माळवद. तिथे पायथ्याशी ओल धरली की दगडांना धरून ठेवणारा चिखलच मऊ पडतो.

आता तेरची माती. जुनी माणसं म्हणतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. तेर तर प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’मध्ये आणि टॉलेमीकडे ज्याचं नाव येतं ते. दोन हजार वर्षं माणसं एका जागी राहिली, चुली पेटवल्या, गुरं बांधली, घरं पडली, त्यावर पुन्हा बांधली. त्या सगळ्याची पांढरी झाली. ही पांढरी काळीसारखी फुगत-आकसत नाही, म्हणून घरबांधणीला आणि माळवदाला चांगली. पण तिच्यात क्षार भरपूर. शेण-मूत्र, राख, कुजलेलं सगळं त्यात मुरलेलं. जुन्या गावठाणांच्या मातीतून आपल्या देशात पूर्वी सोरा काढायचे, तो उगाच नाही. पाणी चढताना हे क्षार बरोबर घेऊन येतं, भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतो. त्याचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. हाच तो लोणा. आणि यातले काही क्षार हवेतलं पाणीही ओढतात. म्हणून श्रावणात खालून काही न चढताही लोणा लागलेली भिंत ओली दिसते.

मग ओल खालून येतेय की हवेतून, हे ओळखायचं कसं? यासाठी मीटर विकत घ्यायची गरज नाही. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि किमान सोळा तास तसाच राहू द्या. उचलल्यावर प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर ओल जमिनीतून येतेय. वरची बाजू ओली असेल तर ती हवेतली. भिंतीला ॲल्युमिनियमची फॉइल लावून हेच करता येतं. आजीच्या भिंतीवर फॉइलच्या आत थेंब होते, सोप्यातल्या शहाबादी फरशीवर प्लॅस्टिकच्या वर होते. एकाच घरात दोन वेगळे रोग.

फरशीला घाम येतो तो कसा? पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी जमतं. जमिनीला टेकलेली शहाबादी दुपारी हवेपेक्षा थंडच असते. दारं-खिडक्या सताड उघडल्या की बाहेरची दमट हवा आत येते आणि फरशी आणखी ओली होते. आपल्याला वाटतं वारं खेळलं म्हणजे वाळेल, आणि घडतं उलट.

अमेरिकेतही नेमकं हेच झालं. तिथे वर्षानुवर्षं नियम होता की क्रॉल स्पेसला झरोके ठेवा. दर दीडशे चौरस फुटांना एक चौरस फूट. मग नॉर्थ कॅरोलायनातच घरांवर मोजमापं घेतली गेली, तर झरोकेवाल्या पोकळ्या उन्हाळ्यात जास्त दमट निघाल्या. बाहेरची उष्ण, दमट हवा खाली थंड जागेत शिरायची आणि तुळयांवर पाणी व्हायची. माती प्लॅस्टिकनं झाकून, झरोके बंद करून आतली हवा कोरडी ठेवलेल्या पोकळ्या चांगल्या निघाल्या. मित्राला मी हेच सांगितलं : आधी पन्हाळीचं पाणी घरापासून लांब काढ, मग मातीवर किमान १५० मायक्रॉनचा कागद अंथर, सांधे एकमेकांवर चढवून चिकटव, आणि मगच डिह्युमिडिफायरवर खर्च कर. लोक यंत्र आधी आणतात. पाण्याचा नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार.

मित्राचं सोपं होतं, कारण त्याच्याकडे खाली काँक्रीट आणि वर लाकूड. आमच्याकडे भिंतच मातीची.

आता कंत्राटदाराचा उपाय तपासू. भिंतीला चार फूट सिमेंट लावलं तर पाणी चढायचं थांबतं का? नाही. ते सुकायचं थांबतं. मग तडजोडीची रेघ चार फुटांच्या वर सरकते आणि पाच-सहा फुटांवर नवी ओल दिसते. दोन वर्षं रंग छान दिसेल, आत मात्र चिखल ओला. टाइल्सचंही तेच : जमिनीची वाफ पूर्वी शहाबादीच्या सांध्यांतून निघायची, ती आता भिंतीकडे वळते. आजी हे फार थोडक्यात बोलली : ‘आरं, भितीला बी दम घेऊ द्याल का न्हाई?’

हे फक्त पोपड्यांचं प्रकरण नाही, म्हणून मी काकांशी तीन दिवस वाद घातला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि आपल्या जिल्ह्यात हजारो माणसं गेली, ती प्रामुख्यानं दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर येऊन. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरात अजून कुणी भिंतीला लागून उशी ठेवत नाही. त्याच भिंतीचा पायथा ओला ठेवायचा आणि वर सिमेंटचा मुखवटा चढवायचा, म्हणजे भिंत कधी बिघडली ते कळायची सोयही घालवायची.

मग केलं काय? पहिलं काम कुदळीचं. माळवदाच्या पन्हाळीचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडत होतं, ते पाइपनं अंगणापलीकडे नेलं. न्हाणीचं सांडपाणी भिंतीला लागूनच मुरत होतं. शोषखड्डा चांगलाच, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून नाव कमावलं. पण तो भिंतीजवळ नको, आणि जमीन काळी असेल तर मुळीच नको. फुगणं-आकसणं थेट पायाला त्रास देतं. मग अंगणाचा उतार घराबाहेरच्या दिशेनं, दहा फुटांत सहा इंच. आणि एक गोष्ट आपल्या सगळ्याच गावांत आहे : दर काही वर्षांनी रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर येतो, रस्ता वर जातो आणि घर खड्ड्यात. आमच्या जोत्याची एक पायरी अशीच गायब झालीय. तिथे रस्त्याच्या कडेनं चर काढून त्यात खडी भरली. भिंतीचा सुटलेला गिलावा काढून क्षार कोरड्या ब्रशनं झाडला (पाण्यानं धुवायचा नाही, पुन्हा आत शिरतो) आणि चुन्याचा गिलावा केला. फरशी शहाबादीच ठेवली, सांधे चुन्यात. भिंत हळूहळूच सुकणार. जाड भिंतीला एखादा उन्हाळा पुरत नाही.

नवं आरसीसी घर बांधत असाल तर मात्र हे सगळं सोसायचं कारण नाही. जमिनीपासून किमान सहा इंच वर, जोत्याच्या पातळीला ओलरोधक थर, सगळ्या भिंतींखालून अखंड. फरशीखाली मुरूम दाबून त्यावर बारीक चुरी नसलेल्या खडीचा थर, म्हणजे केशनळ्या तुटतात, मग प्लॅस्टिकचा कागद, त्यावर काँक्रीट. खर्च एकूण घराच्या मानानं नगण्य, आणि नंतर कितीही पैसे ओतले तरी हे तसं बसवता येत नाही.

राहिलं पेव. जुन्या लोकांनी ओलीचा विचार केला नव्हता असं नाही. तळाला आणि कडेनं कडबा-भुसा लावायचे, म्हणजे धान्य मातीला टेकत नाही, आणि तोंड लिंपून बंद. धान्याभोवतीची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते. कडबा ती वेळ लांबवतो. बंद पेवात धान्य श्वास घेतं, ऑक्सिजन संपतो, कीड मरते. माणूसही त्याच कारणानं मरतो. पेवात उतरून गुदमरल्याच्या बातम्या नव्या नाहीत. रिकामं पेवही सुरक्षित नसतं. कंदील सोडून तो विझला तर उतरायचंच नाही, पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली असंही धरू नका. आम्ही कुणीच उतरलो नाही. झाकण बरेच दिवस उघडं ठेवलं, तेही वैशाखात, कारण श्रावणात उघडलं असतं तर दमट हवा आत भरली असती. मग वरूनच थोडा थोडा कोरडा मुरूम टाकत, प्रत्येक थर लांब दांड्याच्या धुम्मसानं ठोकत ते बुजवलं.

आणि तेरकरांसाठी एक जादा सूचना. पांढरीत खणताना मणी, खापरं, नाणी निघतात. गावातलं लामतुरे संग्रहालय अशाच वस्तूंवर उभं आहे. अशी वस्तू सापडली तर धुऊन-पुसून देव्हाऱ्यात ठेवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. आमच्या चरात फक्त एका रांजणाची जाड कड निघाली. ती आजीनं तुळशीपाशी लावायचं ठरवलं होतं, पण मी आधी संग्रहालयात दाखवायला नेलीय.