यादी-संदेश आणि सिलेक्टर (प्युअर डेटा)

यादी-संदेश आणि सिलेक्टर या प्युअर डेटा (संक्षेपाने पीडी) या ध्वनिनिर्मितीच्या दृश्य आज्ञावली-भाषेतील पायाभूत संकल्पना आहेत. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिस येथील ‘इर्काम’ या संस्थेत ‘मॅक्स’ ही भाषा घडविली व पुढील दशकात मुक्त स्रोत असलेली पीडी निर्माण केली. पीडीमध्ये आज्ञांच्या ओळी लिहीत नाहीत, चौकटी तारांनी जोडतात. काही तारांतून ध्वनीचा अखंड प्रवाह वाहतो, तर काहींतून प्रसंगोपात्त संदेश जातात.

संदेशाची रचना

संदेशाचे पहिले पद म्हणजे सिलेक्टर. उरलेली पदे (संख्या किंवा शब्द) हा त्याचा आशय होय. काय करावे हे ग्राहक चौकट सिलेक्टर पाहून ठरविते. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. येथे ते आरंभीच येते, असे म्हणता येईल.

संदेश संख्येने सुरू झाल्यास सिलेक्टर अध्याहृत असतो: एकच संख्या असल्यास ‘फ्लोट’, अनेक पदे असल्यास ‘लिस्ट’. म्हणून ‘६० १००’ ही यादी आहे. ‘लय १२० ४’ मात्र यादीसारखा दिसला तरी यादी नव्हे, कारण त्याचा सिलेक्टर ‘लय’ हा आहे. नवशिक्यांच्या पुष्कळ चुका येथेच होतात. (या लेखातील आकडे वाचनासाठी देवनागरीत दिले आहेत. पीडीमध्ये देवनागरी अंक टंकित केल्यास ते संख्या न ठरता शब्द ठरतात.)

उदाहरण

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर ऐकू येते तशी लाटेची गाज ‘नॉइज~’ चौकटीतील खरखर ‘लोप~’ने गाळून व तिला ‘लाइन~’च्या मूल्याने गुणून साधता येते. ‘लाइन~’ला ‘०.६ ४०००’ हा संदेश मिळाला की मूल्य चार सेकंदांत ०.६ पर्यंत चढते, ‘०.०५ ६०००’ने ते सहा सेकंदांत ओसरते. त्याऐवजी ‘लाट ०.६ ४०००’ असा संदेश थेट पाठविल्यास ‘लाइन~’ला ‘लाट’ हा सिलेक्टर ठाऊक नसतो. संदेश-खिडकीत त्रुटी उमटते आणि गाज आहे त्याच पातळीवर राहते. मध्ये ‘राउट लाट’ ही चौकट ठेवल्यास ती सिलेक्टर काढून घेते व उरलेली यादी पुढे धाडते. उरलेल्यातील पहिले पद शब्द असेल, तर तोच नवा सिलेक्टर बनतो. त्यामुळे टपालाच्या पत्त्याप्रमाणे एकापुढे एक ‘राउट’ लावता येतात.

‘लिस्ट’ कुलातील चौकटी

‘लिस्ट प्रीपेंड’ यादीच्या आरंभी व ‘लिस्ट अपेंड’ शेवटी पदे जोडते. ‘लिस्ट स्प्लिट’ यादी तोडते. त्यांतून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट यादीच असते, म्हणून ‘लिस्ट प्रीपेंड सेट’ने जोडलेला ‘सेट’ हा शब्द सिलेक्टर होत नाही. पुढे ‘लिस्ट ट्रिम’ जोडल्यावर ‘लिस्ट’ हे अदृश्य पद गळते, ‘सेट’ त्याच्या जागी येतो आणि संदेश-चौकटीतील मजकूर बदलतो.

एकाच संख्येची यादी ‘फ्लोट’प्रमाणे, तर रिकामी यादी ‘बँग’प्रमाणे, म्हणजे केवळ चालनेच्या संकेताप्रमाणे, वागविली जाते.