जंगलाचा पैसा अडला की बाजार अडतो
चंद्रपूर-गडचिरोलीच्या दुकानदारीला लागलेली ओहोटी आणि तीतून निघण्याची वाट

चंद्रपूर शहरात जटपुरा गेटातून आत शिरले की गांधी चौकापर्यंतचा रस्ता ही या भागाची जुनी बाजारपेठ. कापड, चप्पल-बूट, भांडी, घड्याळे, शिवणकामाचे सामान हे सारे या रस्त्यावर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत मिळते. बांगड्या आणि किरकोळ सामानासाठी बायाबापड्यांची पावले गोल बाजाराकडे वळतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, सरकारी कचेऱ्या तिकडे गेल्या; परंतु लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटला की तिकडची पुष्कळ माणसे एस.टी.ने चंद्रपूरच गाठीत.

या बाजारात आज पूर्वीची वर्दळ राहिलेली नाही. गेल्या आठ-दहा वर्षांत आपल्या शेजारचे एखादे शटर कायमचे खाली आलेले ज्याने पाहिले नाही, असा दुकानदार विरळा. कुणी दुकान अर्धे करून दुसरा अर्धा भाग मोबाइलवाल्याला भाड्याने दिला, कुणी नोकर कमी केले, कुणी मुलाला धंद्यात न घालता नोकरीला लावले. दोष कुणी ऑनलाइन खरेदीला देतो, कुणी जीएसटीला, तर कुणी नशिबाला. परंतु दुखणे नेमके कोठे आहे हे समजल्याशिवाय औषध लागू पडत नाही. म्हणून आधी एक साधा प्रश्न विचारू या.

गिऱ्हाईकाच्या खिशात पैसा येतो कोठून?

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. तेथील कुटुंबाच्या हाती पैसा महिन्याच्या पगाराप्रमाणे येत नाही, हंगामाने येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी, हिवाळा-उन्हाळ्यात बांबूची कटाई आणि पावसाळ्यानंतर धान. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा; वरोरा, राजुरा, कोरपना हा कापूस-सोयाबीनचा पट्टा. त्यामुळे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आणि मे-जूनमध्ये गल्ला भरावयाचा व उरलेले महिने त्यावर काढावयाचे, हा आपल्या दुकानदारीचा परंपरागत हिशेब.

दुसरा झरा कारखान्यांचा व खाणींचा. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी, गडचांदूर-आवारपूर-घुग्घुसचे सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरचा कागद कारखाना. येथील कामगाराचा पगार झाला की पुढचे आठ-दहा दिवस बाजार हसतो.

पगाराचा झरा आटला म्हणजे काय होते, हे फार दूर जाऊन पाहावयाला नको. शेजारी तेलंगणात कागजनगर आहे. कागदावरूनच या गावाचे नाव पडले. तेथील सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली आणि नव्या मालकाकडे गेल्यावर २०१८ मध्ये पुन्हा चालू झाली. कामगाराचा पगार थांबला की किराणा दुकानदाराची उधारीची वही भरते आणि गल्ला रिकामा होतो. कारखाना काही वर्षांनी चालू होऊ शकतो. मधल्या काळात मोडलेले दुकान तेवढ्या सहजी उभे राहत नाही.

एकामागून एक तीन धक्के

पहिला धक्का ८ नोव्हेंबर २०१६ रोजी बसला. पाचशे आणि हजारच्या नोटा त्या रात्रीपासून चलनातून गेल्या. धान कापणीचा आणि कापूस वेचणीचा तो हंगाम. त्यात १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. शेतकऱ्याचे खाते बहुधा याच बँकेत. म्हणजे ज्याच्याकडून उधारी यावयाची त्याचाच पैसा अडकला. आठवडी बाजार रोखीवर चालतो; तेथे मालही पडून राहिला आणि गिऱ्हाईकही उभे राहिले.

दुसरा धक्का १ जुलै २०१७ चा. जीएसटी आल्यावर त्यापूर्वी विक्रीकरातून बाहेर असलेल्या साध्या कापडावर ५ टक्के कर आला. करापेक्षाही लहान दुकानदाराला जड गेली ती लिखापढी. ज्याने जन्मभर वहीखाते लिहिले त्याला संगणकवाल्याच्या दारात बसावे लागले. तेंदूपत्त्यावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के कर बसला. त्याचा भार या धंद्याच्या व्यापाऱ्यापासून पत्ता तोडणाऱ्यापर्यंत सर्वांवर पडला. सप्टेंबर २०२५ मध्ये हे दर कमी होऊन तेंदूपत्त्यावर ५ टक्के आणि विडीवर १८ टक्के झाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

तिसरा धक्का सर्वांत मोठा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. चैत्रातील महाकालीची यात्रा झाली नाही, लग्नसराई गेली आणि २५ मे २०२० ची ईद दुकानांच्या बंद दारांआड गेली. वर्ष कसेबसे काढून दुकानदारांनी पुन्हा माल भरला, तोच एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले आणि १४ मे २०२१ ची ईदही तशीच गेली. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांवर ज्यांचे वर्षाचे गणित बसते, त्या कापड, तयार कपडे, चप्पल, बांगड्या, अत्तर आणि शिवणकाम करणाऱ्यांचे लागोपाठ दोन हंगाम बुडाले. भाडे, विजेचे बिल आणि कर्जाचे व्याज मात्र थांबले नाही. रिझर्व्ह बँकेने हप्ते ऑगस्ट २०२० पर्यंत पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. परंतु हप्ता पुढे गेला तरी व्याज चढतच राहिले, हे अनेकांच्या उशिरा लक्षात आले.

विक्री तिसऱ्या हिश्श्याने घटली, कमाई किती घटली?

येथे पुष्कळ दुकानदारांची फसगत होते. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री ३ लाख रुपये आहे आणि त्यावर शेकडा २० नफा सुटतो. म्हणजे ६० हजार रुपये. भाडे १० हजार, दोन नोकरांचा पगार १८ हजार, वीज व इतर खर्च ५ हजार, असे ३३ हजार वजा जाता घरी २७ हजार येतात.

आता विक्री २ लाखांवर आली. नफा ४० हजार. खर्च तोच ३३ हजार. घरी येतात ७ हजार. विक्री घटली तिसऱ्या हिश्श्याने, घरची कमाई मात्र जवळजवळ तीन-चतुर्थांशाने गेली! अशा वेळी दुकानदार काय करतो? घरखर्चासाठी गल्ल्यात हात घालतो. तो पैसा नफ्याचा नसतो, व्यापाऱ्याच्या देण्याचा असतो. दुकान बाहेरून चालू दिसते, पण आतून भांडवल खाल्ले जात असते.

म्हणून प्रत्येकाने आपला एक आकडा काढून भिंतीवर लिहून ठेवावा. दुकानाचा खर्च अधिक घरखर्च, यांची बेरीज करून तिला नफ्याच्या प्रमाणाने भागावे. वरील उदाहरणात घरखर्च २० हजार धरला तर एकूण ५३ हजार. शेकडा २० नफ्याने महिन्याला २ लाख ६५ हजारांची विक्री हवी. सलग सहा महिने विक्री या आकड्याखाली राहिली तर ती मंदी आहे असे म्हणून स्वस्थ बसू नये.

कारागिरांचे दुखणे निराळे

बल्लारपूर आणि आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती देशभर आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेले. या सागाच्या सावलीत आपल्या सुतार व फर्निचरवाल्या बंधूंची पिढ्यान्‌पिढ्या रोटी चालली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर जंगलतोडीवर आणि आरामशिनींवर कडक बंधने आली. जंगल वाचले पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु लाकूड महागले, आणि त्याच सुमारास प्लायवूड, लोखंडी कपाटे व प्लॅस्टिकच्या खुर्च्या बाजारात पसरल्या. शिंप्याचे गिऱ्हाईक तयार कपड्यांनी नेले, कलईवाल्याचे स्टीलने.

हा फटका मंदीचा नव्हे, बदलाचा आहे. दोहोंतला फरक ओळखणे फार महत्त्वाचे. मंदीत गिऱ्हाईक खरेदी पुढे ढकलते, पैसा आला की परत येते. बदलात गिऱ्हाईकाजवळ पैसा असतो, पण ते दुसरीकडे जाते. मंदीत खर्च कमी करून तग धरावा. बदलात मात्र तग धरण्यात शहाणपण नाही, माल किंवा काम बदलावे लागते.

आणि बदल केवळ वाईटच असतो असेही नाही. लेखा-मेंढा गावाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. म्हणजे जंगलाचा पैसा आता पुष्कळदा थेट गावात, बँक खात्यात येतो. सुरजागडच्या लोहखाणीचे काम २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तेथे टायर, सुटे भाग, वेल्डिंग, बांधकामाचे सामान, कामाचे बूट यांची गरज निर्माण झाली आहे. पैसा नाहीसा झालेला नाही, त्याची वाट बदलली आहे. ज्याने आपले दुकान जुन्या वाटेवर ठेवून गिऱ्हाईकाची वाट पाहिली, त्याचेच शटर आधी खाली आले.

हातात असलेले उपाय

पहिली गोष्ट पडून राहिलेल्या मालाची. दोन वर्षांपूर्वीचे कापड आणि जुन्या नमुन्याची चप्पल दुकानात ठेवून भांडवल वाढत नाही. शंभराची वस्तू ऐंशीला पडली असेल आणि सत्तरला गेली, तर दहा रुपये बुडाले हे खरे. परंतु सत्तर रुपये मोकळे झाले. त्या सत्तरात चालता माल येतो.

दुसरी गोष्ट उधारीची. देणे-घेणे लिहून ठेवावे ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे, पण भिडेपोटी आपण ती पाळत नाही. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावण्याची कायद्याने मुदत ३ वर्षांची आहे. ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी कबूल करून सही दिली तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा मोजली जाते. तेव्हा दरवर्षी एकदा बाकी काढून सही घ्यावी. यात अविश्वास नाही. उलट दोघांचेही नाते त्यामुळे टिकते.

तिसरी गोष्ट भाड्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडे थकल्यावर मालकाने लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस उलटल्याखेरीज थकबाकीच्या कारणावर ताब्याचा दावा लावता येत नाही. या मुदतीत भाडे भरून मोकळे व्हावे. नगरपालिका, महानगरपालिकेच्या गाळ्यांना हा कायदा लागू नाही आणि लिव्ह अँड लायसन्सच्या कराराचे नियम वेगळे आहेत. म्हणून करारपत्र वकिलाला दाखवून घ्यावे.

चौथी गोष्ट कराची. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या किरकोळ व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत शेकडा १ कर भरून बरीचशी लिखापढी टाळता येते. त्यात गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. तेलंगणात माल पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पाचवी गोष्ट नोंदणीची. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, पादत्राणे बनवणारे, गवंडी, टोपल्या विणणारे अशा १८ कारागिरींचा समावेश झाला. तीत अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत ठेवली आहे. कर्जाचा भाग ज्याला व्याजामुळे नको असेल त्याने निदान प्रशिक्षण आणि अवजारांची चौकशी जवळच्या सेवा केंद्रात अवश्य करावी. हक्काची वस्तू माहितीअभावी सोडून देणे हे काही संतोषाचे लक्षण नव्हे.

दुकान मोडावेच लागले तर

दुकान बंद करणे म्हणजे अब्रू जाणे, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. तिच्यापायी माणसे सावकाराचे पैसे काढतात, बायकोचे दागिने गहाण टाकतात, आणि वर्षभराने दुकानही जाते व घरही. वेळेवर, हिशेबाने, सर्वांची देणी देऊन बंद केलेल्या दुकानाची अब्रू जात नाही. अब्रू जाते ती रातोरात कुलूप लावून गेलेल्याची.

बंद करताना क्रम असा ठेवावा. आधी नोकरांची मजुरी, मग मालवाल्या व्यापाऱ्यांची बाकी, मग भाडे. जीएसटी क्रमांक रद्द करण्याचा अर्ज विसरू नये. नाहीतर शून्य उलाढालीवरही विलंब शुल्क चढत राहते. नियमित करदात्याने नोंदणी रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्रही भरावयाचे असते. आणि जुन्या गिऱ्हाईकांची नावे-पत्ते जपून ठेवावेत. दुकान गेले तरी ओळख हे भांडवल शिल्लक असते. तिच्यावर घरून, हातगाडीवर किंवा आठवडी बाजारात पुन्हा धंदा उभा राहू शकतो.

शेवटी बाजारातील ज्येष्ठांना एक विनंती. शेजारचे दुकान बंद पडले तर आपले गिऱ्हाईक वाढेल, हा हिशेब चुकीचा आहे. गिऱ्हाईक एका दुकानासाठी गावाहून येत नाही, बाजारासाठी येते. दहा दुकानांतली चार मिटली की उरलेल्या सहांकडेही येणारी एस.टी. रिकामी येते. तेव्हा शेजाऱ्याचा गल्ला बसतो आहे असे दिसले, तर त्याला दोन महिन्यांचा माल उधार देणे, बिनव्याजी हात देणे, निदान हिशेब घेऊन त्याच्या शेजारी तासभर बसणे, ही केवळ भलाई नव्हे, तो आपलाही धंदा आहे. पुढच्या मे महिन्यात तेंदूपत्त्याचा पैसा गावात येईल. तो आपल्या रस्त्यावर यावा असे वाटत असेल, तर त्या दिवशी रस्त्यावरची शटरे उघडी असली पाहिजेत.