उडीआधी वजनकाटा

स्कायडायव्हिंगच्या केंद्रावर विमानात चढण्याआधी पाहुण्याला वजनकाट्यावर चढावे लागते. कपडे-बुटांसकट वजन घेतात. आकडा शंभरच्या पुढे सरकू लागला की काउंटरवरचा माणूस आत जाऊन प्रशिक्षकाला विचारून येतो. कधी जादा पैसे सांगतात, कधी सरळ नाही म्हणतात. हा नकार फार लागतो. चारचौघांत आपल्या शरीरावर शेरा मारला गेला, असे त्या माणसाला वाटते. म्हणूनच या आठवड्यात हा आकडा येतो कुठून, ते पाहू.

पॅराशूटला जड माणूस पेलत नाही, हा समज आधी सोडून द्यायला हवा. लष्करी विमानांतून जीपगाड्या आणि तोफासुद्धा पॅराशूटने खाली उतरवतात. भाराच्या मानाने छत्री मोठी हवी, एवढेच. अमेरिकी छत्रीधारी सैनिक १९५० च्या दशकापासून 'टी-१०' नावाचे पॅराशूट वापरत होते. पुढे सैनिकाच्या अंगावरचे सामान वाढत गेले आणि उतरताना घोटे-गुडघे दुखावू लागले. मग 'टी-११' आले. त्याच्या छत्रीचे क्षेत्रफळ पाव हिश्श्याहून जास्त वाढवले आणि रचना सुमारे १८० किलोंच्या भारासाठी केली. खाली येण्याचा वेग सेकंदाला साधारण २२ फुटांवरून १९ फुटांवर आला.

मग हौशी माणसाचे अडते कुठे?

तो एकटा उडी मारत नाही. प्रशिक्षकाच्या पुढ्यात हार्नेसने बांधलेला असतो, आणि एकाच छत्रीखाली दोघे उतरतात. ही टँडम उडी बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या अमेरिकनांनी १९८० च्या दशकात रुळवली. पोटावर आडवा होऊन पडणाऱ्या एकट्या माणसाचा वेग ताशी १९०-२०० किलोमीटरवर स्थिरावतो. दोघे बांधले की वजन दुप्पट होते, पण वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. वेग ताशी २८० च्या घरात जातो. त्या वेगात मुख्य छत्री उघडली तर बसणारा झटका माणसाला आणि कापडाला दोघांनाही घातक ठरू शकतो. यावर उपाय म्हणून 'ड्रोग' नावाची छोटी छत्री आधीच मागे सोडतात. तिच्या ओढीमुळे जोडीचा वेग एकट्या माणसाच्या वेगाएवढा होतो.

हार्नेस, दोऱ्या, ड्रोग, मुख्य आणि राखीव छत्री ही सगळी यंत्रणा एका ठरावीक भारापर्यंतच तपासून प्रमाणित केलेली असते. प्रचलित टँडम संचांसाठी दोन माणसे आणि सामान मिळून ही मर्यादा सव्वादोनशे किलोंच्या आसपास आहे. त्यातून संचाचे पंचवीसेक किलो वजा करा, प्रशिक्षकाचे ८५ वजा करा. उरले ११५. थोडी मोकळीक ठेवली की बहुतेक केंद्रांवर दिसणारा १०० ते ११० किलोंचा आकडा समोर येतो. जड पाहुण्यासाठी केंद्रवाले अंगाने हलका प्रशिक्षक का शोधतात, तेही यातून कळते.

पण नुसत्या किलोंवर भागत नाही. शंभर किलोंचा पैलवान आणि तेवढ्याच वजनाचा, पोट सुटलेला बैठ्या कामाचा माणूस यांच्या अंगावर हार्नेस सारखा बसत नाही. मांडीचे पट्टे जांघेत घट्ट बसायला हवेत आणि छातीचा पट्टा पोटाच्या घेरामुळे वर सरकता कामा नये. कॅलिफोर्नियात २०११ साली ८० वर्षांच्या एक आजी टँडम उडीत हार्नेसमधून अर्ध्या निसटल्या. प्रशिक्षकाने त्यांना धरून ठेवले, म्हणून त्या वाचल्या. तिथे प्रश्न वजनाचा नव्हता. पट्टा अंगाला धरून नसला की काय होते, ते मात्र त्या चित्रफितीत जगाने पाहिले.

खरी कसोटी जमिनीजवळ लागते. छत्री तीच ठेवून भार ८० ऐवजी १२० किलो केला, तर उतरण्याचा वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. आदळण्याची ऊर्जा मात्र सव्वादोन पट होते, कारण वजनही वाढले आणि वेगही. टँडममध्ये उतरताना पाहुण्याने दोन्ही पाय समोर उचलून धरायचे असतात, म्हणजे दोघे बसल्यासारखे घसरत थांबतात. पोट आणि मांड्या जड असतील तर पाय हवे तेवढे उचलले जात नाहीत. टाच जमिनीत अडकते आणि मागून प्रशिक्षकाचा भार येतो. घोटा मोडतो तो असा. चांगले प्रशिक्षक म्हणूनच जमिनीवरच हार्नेस चढवून पाय उचलायला लावतात. ते जमले नाही तर वजन ९५ असले तरी थांबवतात, आणि ते योग्यच आहे.

एकट्याने उडी शिकणाऱ्यांत मात्र भारदस्त माणसे भेटतात. त्यांना मोठी छत्री देतात, आणि पडण्याचा वेग कमी राहावा म्हणून ढगळ पोशाख घालायला सांगतात. उलट सडपातळ स्कायडायव्हर इतरांच्या बरोबरीने खाली यावे म्हणून अंगावर शिशाची वजने बांधतात. वजनाबद्दल इतके मोकळेपणाने बोलणारी माणसे खेळांच्या जगात कमीच.

तेव्हा निवाडा असा : प्रकृती ठणठणीत असेल आणि पाय उचलता येत असतील, तर शंभर किलोंपर्यंत अडचण नसावी. पुढचे दहा किलो प्रशिक्षक आणि संच पाहून ठरतात. त्यापलीकडे प्रमाणित मर्यादेत बसणारी जोडी जमत नसेल, तर टँडमचा हट्ट धरू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, मग वजन कितीही असो. बुकिंग करताना त्याच आठवड्यात मोजलेले खरे वजन सांगा. लपवलेले पाच किलो प्रशिक्षकाच्या हिशेबात धरलेले नसतात. आणि एखाद्या केंद्राने वजन न करताच विमानात बसवायला घेतले, तर पैसे परत मागून तिथून निघून या.